कारध्याच्या उतारावरून

दोन दिवसांची सुटी हाती आली आणि घरातल्या चार माणसांचे एकमत झाले, की आपल्याकडे पहिली गोष्ट निघते ती तीर्थयात्रेची. काशी लांब, पंढरपुरास गर्दी, नाशकास मागेच जाऊन आलेलो. मग जावे कोठे? आम्ही आज जे नाव सुचविणार आहोत ते ऐकून कित्येक श्रोत्यांना हसू येईल. ते नाव आहे कारधा. भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पैलतीरी वसलेले हे गाव. त्याचा महिमा सांगणारी पोथी आमच्या पाहण्यात नाही. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या उतारूंना ते ठाऊक असते ते पुलाचे गाव म्हणून.

परंतु 'तीर्थ' या शब्दाचाच मूळ अर्थ पाहा. 'तृ' म्हणजे तरून जाणे. तीर्थ म्हणजे नदी ओलांडण्याची जागा, ज्याला आपण साध्या मराठीत उतार म्हणतो ती. उतार सापडला की वाटा तेथे येऊन मिळतात. वाटसरू थांबतो, व्यापारी बैल सोडतो, एखादा साधू झाडाखाली बसतो, आणि मागाहून देऊळ उभे राहते. देवळामुळे घाट झाला असे आपण धरून चालतो. आमच्या मते पुष्कळदा क्रम उलटा असतो. म्हणून आमच्या यात्रेचा आरंभ कारध्यास. येथे ब्रिटिश अमदानीतला अरुंद, ठेंगणा पूल आहे आणि त्याच्याजवळच राजमार्गाचा उंच पूल. मोठ्या पुरात जुना पूल पाण्याखाली जातो. 2020 च्या ऑगस्टअखेर जो महापूर आला तो भंडाऱ्याच्या घराघरांत शिरला. तेव्हा पहिला नियम असा, की पावसाळ्यात या बेताचे नाव काढू नये. वैशाखातही नको. आम्ही एकदा ते धाडस केले आणि दोन दिवसांपैकी दीड दिवस सावली शोधण्यात घालविला. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. रेल्वेने यायचे तर स्टेशन भंडारा रोड; ते गावात नाही, वरठीस आहे, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

भंडाऱ्यात फार रेंगाळण्याचे कारण नाही. मेंढ्याच्या भृशुंड गणेशाचे दर्शन घ्यावे. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना आहे. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींचे शिष्य निळभट्ट भांडारेकार येतात, ते याच गावचे. एवढे स्मरून पहिल्या दिवशीच अंभोऱ्यास निघावे.

अंभोरा नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात मोडते. तेथे वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा संगम सांगतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे इ. स. 1188 साली, 'विवेकसिंधु' लिहिला तो येथेच, अशी इकडची श्रद्धा. हे खरे धरले तर ज्ञानेश्वरीच्या सुमारे शंभर वर्षे आधी मराठीतले तत्त्वज्ञान या संगमावर बोलू लागले. पण आंबेजोगाईकर हे मान्य करीत नाहीत. मुकुंदराजांची समाधी ते आपल्याकडे दाखवितात, आणि ग्रंथाच्या काळाविषयीही पंडितांत मतभेद आहेत. आमचा निकाल कोणी विचारील तर आम्ही म्हणू, हा तंटा मिटविण्याची यात्रेकरूला घाई नाही. दोन गावे एका कवीसाठी भांडतात, हे मराठी भाषेला भूषणच आहे.

जेथे पूर्वी नावेने पलीकडे जावे लागे तेथे 2024 पासून तारांनी तोललेला भव्य पूल आहे. त्याच्या मनोऱ्यावर काचेचा सज्जाही केला आहे. लोक आता सज्जासाठी येतात आणि जाता जाता देवाला हात जोडतात. असो. येथे एक गोष्ट मात्र नागपूरकर श्रोत्यांस सांगणे भाग आहे. नाग नदी नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानेस मिळते आणि कन्हान या संगमास. पूर्वी ते वाहून तरी जाई. खाली गोसीखुर्दचे धरण झाल्यावर पाणी अंभोऱ्याच्याही वरपर्यंत तुंबून उभे राहिले. संगमावर आपण ज्या पाण्यात बुडी मारतो त्यात आपल्याच मोरीचे पाणी असते.

दुसरा दिवस सगळा पवनीला द्यावा. कारध्याहूनच पहेला, अड्याळ करीत रस्ता जातो. गावाभोवती मातीचा प्रचंड तट आणि खंदक, आत देवळे, नदीवर वैजेश्वराचा घाट, आणि अष्टविनायकांतला पंचानन. विदर्भाची काशी हे बिरुद पवनीला शोभते. पण ही काशी निराळ्याच अर्थाने जुनी आहे. जगन्नाथाच्या टेकडीवर पिढ्यान्‌पिढ्या लोक देवदर्शनाला चढत आले. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीने शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी 1969-70 च्या हंगामात ही टेकडी उकरली, तेव्हा तिच्या पोटात विटांचा विशाल स्तूप निघाला. कठड्याच्या खांबांवर बोधिवृक्ष, पूजा करणारे लोक, मुचलिंद नाग कोरलेले होते. बुद्धाची मूर्ती नव्हती; मूर्ती घडविण्याची चाल पडण्यापूर्वीचे हे काम.

त्याआधीच म. म. वा. वि. मिराशी यांनी येथला भार राजा भगदत्त याचा शिलालेख वाचला होता. एका छायास्तंभावर महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचे नाव आहे. पश्चिमेकडचे क्षत्रप कोठे आणि वैनगंगेचा काठ कोठे! पण वाट असली की माणसे येतात. भिक्षू आले, राजे आले, मागाहून रेशीमकाठी धोतरे विणणारे कोष्टी आले. स्तूप ढासळला, त्याची टेकडी झाली, टेकडीवर जगन्नाथ बसला. चढण्याची पायवाट चालूच राहिली.

पवनीजवळच ते धरण आहे. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्याची पायाभरणी केली. खाली हजारो शेतांना पाणी मिळावे हा हेतू निःसंशय चांगला. पण वरच्या अंगाला कितीतरी गावे उठली. त्यांची देवळे, त्यांचे घाट आणि त्यांचे उतार पाण्याखाली गेले. त्या गावांतली माणसे आता पुनर्वसनाच्या वसाहतींत राहतात. त्यांच्यापैकी कोणी वडीलधारा भेटला, तर त्याला विचारावे की पूर्वी नदी कोठून ओलांडीत होता. तो हाताने जागा दाखवील. तेथे नुसते पाणी दिसेल.

परतताना दिवस मावळण्यापूर्वी कारधा गाठावे आणि दहा मिनिटे जुन्या पुलाजवळ थांबावे. फराळाचे कागद आणि निर्माल्य पिशवीत घालून घरी न्यावे, नदीत सोडू नये.