मुलाखत नियोजन (माध्यमप्रभाव संशोधन)

माध्यमप्रभाव संशोधनातील मुलाखत नियोजन म्हणजे जाहिरात, बातमी, प्रचार किंवा प्रबोधनपर कार्यक्रम यांमुळे लोकांचे मन कसे वळते याचा शोध घेण्यासाठी कोणाशी, केव्हा, कोठे आणि कोणत्या क्रमाने बोलायचे याची आधी केलेली आखणी होय. मन वळवण्याच्या या प्रक्रियेला ‘अनुनय’ असे म्हणतात. सक्ती, आदेश किंवा लाच यांपासून अनुनय वेगळा आहे, कारण त्यात अखेरचा निर्णय ऐकणाऱ्याचा असतो. पत्रकारिता, समाजशास्त्र, विपणन आणि कृषी विस्तार या विषयांच्या विद्यार्थ्यांना शोधनिबंधासाठी अशा मुलाखती घ्याव्या लागतात. भारतात या पद्धतीचा एक आरंभीचा आणि मोठा प्रयोग १९५६ साली पुणे व आसपासच्या जिल्ह्यांत झाला. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाचा परिचय असून, आजच्या नियोजनासाठी पुणे शहराच्या पूर्वेकडील मांजरी बुद्रुक या परिसराचे उदाहरण घेतले आहे.

मूळ अडचण

इतर विषयांवरील मुलाखतीत उत्तरदात्याला उत्तर माहीत असते, असे गृहीत धरता येते. घरात किती माणसे आहेत किंवा उसाला किती पाणी दिले हे तो सांगू शकतो. ‘या जाहिरातीमुळे तुमचे मत बदलले का?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यालाही बहुधा ठाऊक नसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचा एक नमुनेदार दाखला आहे. एका दुकानात ग्राहकांपुढे नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड मांडून त्यांतील सर्वांत चांगला निवडण्यास सांगण्यात आले. चारही जोड एकसारखेच होते. उजवीकडच्या टोकाचा जोड सर्वाधिक निवडला गेला, पण निवडीचे कारण विचारले असता मांडणीतील जागेचा उल्लेख कोणीही आपणहून केला नाही. लोक खोटे बोलत नव्हते. त्यांना पटेल असे कारण त्यांनी शोधून दिले होते.

दुसरी अडचण डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ साली ‘तृतीय-पुरुष परिणाम’ या नावाने मांडली. माध्यमांचा प्रभाव आपल्यावर कमी आणि इतरांवर जास्त पडतो, असे माणसे सहसा मानतात. त्यामुळे थेट प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत ‘जाहिरातीचा माझ्यावर काही परिणाम होत नाही, पण लोक फसतात’ अशा अर्थाची उत्तरे जमतात आणि त्यांवरून जाहिरात निष्प्रभ असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. निबंध घर बांधणीच्या, सावकारी कर्जाच्या किंवा औषधाच्या जाहिरातीविषयी असेल तर ही चूक किरकोळ राहत नाही. ज्याने पैसे गमावले त्यालाच दोषी ठरवणारे ते लेखन होते.

आरंभीचे अभ्यास

३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत मंगळावरून आक्रमण झाल्याचे भासवणारे रेडिओ नाट्य प्रसारित झाले आणि काही श्रोते घाबरून गेले. हॅडली कँट्रिल यांनी त्यानंतर १३५ जणांच्या सविस्तर मुलाखतींच्या आधारे १९४० साली ग्रंथ लिहिला. ग्रंथ गाजला, मात्र या १३५ जणांपैकी बहुतेक जण घाबरलेले म्हणूनच निवडले होते. अशा नमुन्यावरून भीती कशी वाटली हे कळते, किती जणांना वाटली हे कळत नाही. विद्यार्थ्यांच्या निबंधांत आजही सर्वाधिक आढळणारा दोष हाच आहे.

पॉल लाझार्सफेल्ड व सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातील ईरी परगण्यात सुमारे ६०० मतदारांच्या त्याच गटाला मे ते नोव्हेंबर दरम्यान पुन्हापुन्हा भेटून मुलाखती घेतल्या. मत बदलले तर ते बदलत असतानाच पकडता यावे, हा त्यामागील हेतू होता. प्रचाराचा परिणाम पुष्कळदा थेट न होता जाणकार शेजारी, नातेवाईक वा सहकारी यांच्यामार्फत होतो, हा निष्कर्ष त्यातून पुढे आला. प्रश्नावलीत ‘याविषयी कोणाशी बोललात?’ हा प्रश्न आवश्यक मानला जाऊ लागला तो यानंतर.

रॉबर्ट मर्टन यांचा अभ्यास या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे. २१ सप्टेंबर १९४३ रोजी गायिका केट स्मिथ यांनी दिवसभर रेडिओवरून वारंवार आवाहन करून युद्धरोख्यांसाठी सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरांची आश्वासने मिळवली. मर्टन यांनी न्यूयॉर्कमधील सुमारे शंभर श्रोत्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत रोखे घेण्याचे कबूल केलेले ७५ जण होते, तसेच आवाहन ऐकूनही न घेतलेले २५ जण होते. ज्यांचे मन वळले नाही त्यांनाही विचारणे, ही या अभ्यासाची मोठी देणगी होय. विशिष्ट कार्यक्रम सर्वांनी ऐकला आहे हे आधी ठरवून घेऊन त्यातील नेमक्या प्रसंगाकडे उत्तरदात्याला परत नेणाऱ्या या तंत्रास ‘केंद्रित मुलाखत’ म्हणतात.

पुणे प्रयोग (१९५६)

कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी रेडिओ श्रोता मंडळे चालत होती. त्यांच्या धर्तीवर आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोता मंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न लिहून आकाशवाणीकडे पाठवीत. ऐका, चर्चा करा, कृती करा असे या मंडळांचे सूत्र होते.

मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. मूळचे व्हिएन्नाचे न्यूराथ कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. लाझार्सफेल्ड व मर्टन ज्या विद्यापीठात होते तेथील पद्धत अशा रीतीने मराठी खेड्यांत आली.

या मूल्यमापनातील मुलाखतींची आखणी आजही अभ्यासण्याजोगी आहे. श्रोता मंडळ असलेल्या गावांपैकी वीस गावे निवडण्यात आली. त्यांच्या जोडीला मंडळ नसलेली आणखी वीस गावे घेण्यात आली. या दुसऱ्या वीसांतही दोन प्रकार होते. निम्म्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते आणि निम्म्या गावांत रेडिओही नव्हता. प्रसारणमालिका सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर अशा दोन्ही वेळी मुलाखती घेण्यात आल्या. कार्यक्रमात येणाऱ्या विषयांची माहिती उत्तरदात्याला किती आहे हे दोन्ही वेळा तपासले गेले. याशिवाय काही बैठकांना निरीक्षक हजर राहिले.

या रचनेत ‘रेडिओने तुमचे मत बदलले का?’ हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. आधीचे व नंतरचे उत्तर आणि एका गावाचे व दुसऱ्या गावाचे उत्तर यांतील फरकच ते सांगतो. मंडळांच्या गावांत माहिती लक्षणीय वाढल्याचे आढळले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ थोडी होती, तर रेडिओ नसलेल्या गावांत ती नगण्य होती. रेडिओ आणि मंडळ यांना वेगळे करणारी ती मधली दहा गावे आखणीत नसती, तर सारे श्रेय प्रसारणाला गेले असते आणि एकत्र बसून केलेली चर्चा दुर्लक्षित राहिली असती. न्यूराथ यांनी जगदीशचंद्र माथुर यांच्यासह लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. पुढे ही मंडळे देशाच्या अन्य भागांतही सुरू करण्यात आली.

माहिती वाढणे आणि मन वळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, ही या प्रयोगाची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. उंदरांमुळे किती धान्य वाया जाते हे कळलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी कणगी बदलतोच असे नाही.

मांजरी बुद्रुक : नियोजनाचे उदाहरण

मांजरी बुद्रुक हे हवेली तालुक्यातील मुळा-मुठा नदीकाठचे गाव पुणे–सोलापूर लोहमार्गावर असून ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. मांजरी खुर्द नदीच्या पलीकडे आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही ऊस व साखर क्षेत्रातील संस्था, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि पुणे बाजार समितीचा भाजीपाल्याचा उपबाजार याच परिसरात आहेत. जुनी शेतकरी घराणी, नोकरीनिमित्त आलेली भाडेकरू कुटुंबे आणि नव्या गृहसंकुलांतील रहिवासी यांच्यापर्यंत एकच संदेश वेगवेगळ्या वाटांनी पोहोचतो. एखाद्या खताची माहिती कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराकडून येते, सदनिकेची रस्त्यावरील फ्लेक्समधून किंवा वर्तमानपत्रात घातलेल्या पत्रकातून येते, आणि घरगुती औषधाची व्हॉट्सॲपवरील नातेवाइकांच्या गटातून.

अशा ठिकाणी विषय जितका अरुंद तितकी मुलाखत फलदायी ठरते. ‘मांजरीतील लोकांवर समाजमाध्यमांचा प्रभाव’ हा विषय पदवीच्या विद्यार्थ्याला पेलणारा नाही. ‘गेल्या हंगामात नवे विद्राव्य खत घेतलेल्या आणि न घेतलेल्या ऊस उत्पादकांनी त्याविषयी काय ऐकले होते’ हा विषय वीस मुलाखतींत मार्गी लागू शकतो. घेतलेले दहा आणि न घेतलेले दहा, ही विभागणी मर्टन यांच्या अभ्यासाची छोटी आवृत्तीच होय. वीस जणांवरून टक्केवारी काढू नये. ‘साठ टक्के शेतकरी’ म्हणजे येथे प्रत्यक्षात बारा माणसे असतात.

नमुना निवडताना ओळखीच्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याची पद्धत सोयीची असते, पण ती बहुधा एकाच भावकीत किंवा एकाच संकुलात फिरत राहते. म्हणून निदान दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करणे इष्ट मानले जाते. घरातील कर्त्या पुरुषाशीच बोलून ‘कुटुंबाचे मत’ नोंदवणे ही आणखी एक सवय आहे. किराणा, औषधे आणि मुलांचे शिक्षण यांविषयीच्या जाहिरातींच्या बाबतीत ती विशेष घातक ठरते.

वेळेची निवड स्थानिक दिनक्रमावरून करावी लागते. उपबाजारात माल उतरवून विक्री चालू असताना शेतकरी दोन वाक्यांपलीकडे बोलणार नाही. तोडणी सुरू असलेल्या ऊस उत्पादकाचेही तसेच. संकुलांतील नोकरदार मंडळी सुट्टीच्या दिवशी सकाळी भेटतात, मात्र प्रवेशद्वारावर अडवले जाऊ नये यासाठी सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते.

प्रश्नांची रचना

प्रश्न मतांकडून घटनांकडे वळवणे हे या आखणीचे मर्म आहे. ‘जाहिरात बघून खत घेतलेत का?’ हा सूचक प्रश्न झाला. त्याऐवजी ‘या खताचे नाव पहिल्यांदा कोणाकडून कळले?’, ‘त्यानंतर घरी किंवा शिवारात कोणाशी बोलणे झाले?’, ‘दुकानात गेलात त्या दिवशी दुसरे काही घ्यायचे ठरवले होते का?’ अशी प्रश्नांची साखळी लावली तर निर्णयाचा मार्ग उत्तरदात्याच्याच शब्दांत उलगडतो. जाहिरातीचे चित्र किंवा पत्रक आरंभीच पुढे करू नये, कारण दाखवल्यावर ते आधी पाहिल्याची आठवण अनेकांना होते. आपणहून काय आठवते ते प्रथम नोंदवून मग चित्र दाखवावे.

‘माध्यम’, ‘प्रभाव’, ‘आशय’ हे शब्द प्रश्नावलीत न येतील तर बरे. ‘काल संध्याकाळी मोबाइलवर काय काय पाहिलेत?’ याला उत्तर मिळते, ‘आपण कोणकोणती माध्यमे वापरता?’ याला बहुधा ‘सगळीच’ असे उत्तर मिळते. विद्यार्थी वयाने लहान असल्याने काका, मावशी, आजोबा, ताई अशी संबोधने स्वाभाविक असतात आणि त्यांनी बोलणे सैल होते. त्याच वेळी ‘शिकणाऱ्या पोराला हवे ते सांगावे’ ही मायाही जागी होते. उत्तर फारच नेमके व गृहीतकाला पोषक येऊ लागले तर मुलाखतकाराने आपलीच वाक्ये तपासावीत. यासाठी दोन-तीन पूर्वचाचणी मुलाखती घेण्याची प्रथा आहे. त्या अंतिम नमुन्यात धरत नाहीत.

ज्यांची फसवणूक झाली आहे अशांशी बोलताना क्रम उलटा ठेवणे सोयीचे ठरते. प्रथम त्यांना योजना योग्य का वाटली होती हे विचारावे आणि नुकसानीकडे नंतर यावे. आरंभीच नुकसान काढले तर लाजेपोटी पुढील सारे उत्तर ‘मला तेव्हाच संशय आला होता’ या धाटणीचे होते.

संमती व कायदेशीर बाजू

मुलाखतीपूर्वी हेतू सांगून संमती घेणे, ध्वनिमुद्रणाची वेगळी परवानगी घेणे आणि नावे बदलणे हे किमान संकेत आहेत. मांजरीसारख्या एकमेकांना ओळखणाऱ्या वस्तीत नुसते नाव बदलून भागत नाही. ‘माजी सरपंचांचे धाकटे बंधू’ असे लिहिले की ओळख उघडीच पडते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या विदेसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. शाळकरी मुलांवरील जाहिरातींचा अभ्यास करणाऱ्यांनी हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. राजकीय प्रचारावरील निबंधासाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२६अ लागू पडते. निवडणूक आयोगाने अधिसूचित केलेल्या काळात मतदानोत्तर चाचण्या घेण्यास व त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास त्याने मनाई आहे.

शब्दांकन

मुलाखतीचे शब्दांकन शक्य तितक्या लवकर, शक्यतो त्याच दिवशी करतात. बोलीतील उत्तर प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिल्यास अनुनयाच्या अभ्यासात प्रत्यक्ष नुकसान होते. जाहिरातीतील एखादा शब्द उत्तरदात्याच्या तोंडी जसाच्या तसा आला असेल तर तोच महत्त्वाचा पुरावा असतो. दुकानदाराचे वाक्य शेतकऱ्याच्या बोलण्यात किंवा जाहिरातीतील विशेषण गृहिणीच्या बोलण्यात आढळले तर त्याखाली खूण करून ठेवतात, आणि मूळ जाहिरातीची प्रत, ती दिसल्याचा दिनांक व ठिकाण यांसह मुलाखतीच्या कागदांना जोडतात. फ्लेक्स काही दिवसांत उतरवले जातात, भ्रमणध्वनीवरील संदेश पुसले जातात. म्हणून हा संग्रह पहिल्या मुलाखतीच्या आधीच सुरू करावा लागतो.