पाणी भरलं का?

भांडुप पश्चिमेला टेकडीवरच्या वस्तीत पाणी आलं की गल्लीभर एकच प्रश्न ऐकू येतो: "पाणी भरलं का गं?" चढावर हंडा वाहताना छाती फुटते, पण तोंडी 'वाहणे' नसतं, 'भरणे' असतं. या 'भरणे'ची भाऊबंदकी थेट उत्तर युरोपात निघते.

तिकडचे भाषाशास्त्रज्ञ इंग्रजी-जर्मनच्या लुप्त मूळ भाषेसाठी '*बेरनां' असं एक क्रियापद लिहितात. आधीची चांदणी ही प्रामाणिक कबुली आहे: हा शब्द लिहिलेला कुठेच सापडलेला नाही, लेकींच्या चेहरेपट्टीवरून आई ओळखावी तसा तो काढलाय. लेकी म्हणजे इंग्रजी 'बेअर', जर्मन 'गेबेरेन', चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलातलं त्याचं रूप. मूळ अर्थ वाहून नेणे. त्यावरून पोटात वागवणे, जन्म देणे. संस्कृत 'भृ' या आईची बहीण. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेल्या नियमानुसार मूळचा 'भ' त्या भाषांत 'ब' होतो. 'भ'मधला तो श्वास आपण सोडला नाही.

नुसतं ध्वनिसाम्य बघून किंवा अर्थ जुळवून मात्र सोयरीक जमवू नये. भरणे म्हणजे इंग्रजीत 'फिल'. पण 'फिल' निघतो आपल्या 'पूर्ण'चा नातलग, कारण त्याच नियमाने 'प'चा 'फ' होतो.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'भृ'चा अर्थ 'भरणे' असा दिलाय. हरखून जाऊ नका, ती सप्तमी आहे: भरणाच्या, म्हणजे पोसण्याच्या अर्थी. प्राकृतातल्या 'भरइ'त मात्र काठोकाठ भरण्याचा अर्थ आलेला दिसतो. पुढे मराठीने त्यात काय काय भरलं! फी, फॉर्म, वांगी, ओटी, कान. शाळा आणि बाजार तर आपले आपणच भरतात. बाईचे दिवस भरतात आणि पोर जन्मतं. तिकडचा 'बॉर्न' याच कुळातला, वाहण्याच्या वाटेने आलेला. दोघांची गाठ पडते ती बाळंतिणीच्या खोलीत.

ओझ्याचा अर्थ 'भार' आणि 'भारा' यांच्याकडे गेला, असं व्युत्पत्तीच्या वहीत लिहून मोकळं होता येतं. पण टेकडीवर परत या: भांडुप संकुलात मुंबईचं पाणी शुद्ध होतं, तिथून पालिका ते 'सोडते', भरायचं आपण. नळाखाली हंडा काठोकाठ झाला तरी कुणी "भरून झालं" म्हणत नाही. कमरेवर कळशी, डोक्यावर हंडा, पायऱ्या चढून शेवटची खेप मोरीत रिकामी केली, की मग पदराने मान पुसत म्हणतात, "झालं बाई पाणी भरून."