शरणपूर आणि पुनरागमनाची आशा

ख्रिस्त पुन्हां येईल आणि मृतांस उठवील, ह्या ख्रिस्ती श्रद्धेविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत एक ठराविक आक्षेप ऐकूं येतो. ज्याची दृष्टि जगाच्या अंताकडे लागली, त्याचें चालू जगांतील कर्तव्याकडे लक्ष कसें राहावें? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. अमेरिकेंत विल्यम मिलर ह्याच्या अनुयायांनीं १८४४ च्या ऑक्टोबरची २२ वी तारीख धरून ठेविली, व ती उलटतांच त्यांची घोर निराशा झाली. थेस्सलनीकेच्या आद्य मंडळींतही कामधंदा सोडून बसणारे निघाले, आणि पौलास त्यांची कानउघाडणी करावी लागली. तथापि कोणत्याही श्रद्धेची पारख केवळ तिच्या अतिरेकावरून करणें न्याय्य नव्हे; आणि दुसऱ्या बाजूचें उदाहरण शोधण्यास नाशिककराला फार दूर जावयास नको.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनीं १८५४ त नाशकाजवळ शरणपूर ही वसाहत स्थापिली. १८६० च्या सुमारापासून, इंग्रजी आरमारानें गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें तेथें ठेवण्यांत येऊं लागलीं. त्यांस लिहिणेंवाचणें व सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवीत. आईबापांची ताटातूट झालेली, मायदेश समुद्रापलीकडे राहिलेला. अशा मुलांस, गुलामांच्या व्यापाऱ्याचा शब्द हा जगाचा अखेरचा शब्द नव्हे, न्याय करणारा अजून यावयाचा आहे, ही शिकवण केवळ पुस्तकी वाटली असेल काय? मला तसें वाटत नाहीं.

ह्याच मुलांपैकीं याओ जमातीचा जेकब वेनराइट एक होय. १८७२ त तो डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीस धाडलेल्या तुकडींतून आफ्रिकेच्या अंतर्भागांत गेला. १ मे १८७३ रोजीं, हल्लींच्या झांबियांतील चितांबोच्या गांवीं, डॉक्टर वारले. अनुचरांनीं त्यांचें हृदय एका झाडाखालीं पुरलें. त्या वेळीं प्रेतसंस्काराची उपासना जेकबनें वाचली व झाडाच्या खोडावर लेखही त्यानेंच कोरला. नंतर वाळविलेला देह सालींत गुंडाळून त्या मंडळींनीं हजारांहून अधिक मैल वाहून बागामोयोच्या किनाऱ्यास आणिला. मोठें श्रेय चुमा व सुसी ह्या पुढाऱ्यांचें, आणि सुसी तर त्या वेळीं ख्रिस्तीही नव्हता. तेव्हां सगळें धैर्य एका मताच्या पदरीं बांधण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु जेकबच्या हातांतील पुस्तकाकडे लक्ष दिलें पाहिजे.

इंग्रजी प्रार्थनाग्रंथांत ह्या उपासनेसाठीं पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय नेमलेला आहे. ख्रिस्ताच्या आगमनसमयीं त्याचे लोक जिवंत होतील आणि अखेरचा कर्णा वाजेल, असें तेथें सांगितलें आहे. हा अध्याय संपतो कोठें, हें मात्र आक्षेपक क्वचित् पाहतात. तो स्वर्गाच्या वर्णनांत संपत नाहीं. म्हणून तुम्ही अढळ राहा, तुमचे श्रम फुकट जाणार नाहींत, अशा अर्थाच्या सूचनेंत संपतो. पुनरागमन आणि श्रम ह्यांची गांठ पौलानें स्वतःच मारून ठेविली आहे. आपल्याकडे कल्कीची वाट पाहिली जाते. पण कलियुगाचीं ४,३२,००० वर्षें मोजल्यावर सामान्य मनुष्य त्या भरंवशावर आपला दिवस आखीत नाहीं. ख्रिस्ती मनुष्यास तारीख सांगितलेली नाहीं. स्वामी आज रात्रींही येईल, म्हणून त्याला दिवा पाजळलेला ठेवावा लागतो. मिलरचा दोष आशा धरण्याचा नव्हता; पंचांग काढण्याचा होता.

१८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेंतील दफनप्रसंगीं शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब होता. चुमा व सुसी ह्यांस मात्र वेळेवर इंग्लंडास नेण्याचें कोणास सुचलें नाहीं. पुढील वर्षीं प्राइस ह्यांनीं मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठीं फ्रिअर टाउन वसविलें, आणि त्या कामीं शरणपुरांत वाढलेले पुष्कळ आफ्रिकन त्यांच्या उपयोगीं पडले. ज्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेलें, त्याच किनाऱ्यावर ते शिक्षक व कारागीर होऊन उतरले. जेकबही आफ्रिकेस परतला, आणि १८९२ त तेथेंच वारला.