चांद्याच्या अरण्यभागातील अवर्षण आणि तज्ज्ञांचा अंदाज

अवर्षणाचे मोजमाप आणि ते सोसण्याच्या समाजशक्तीचे मोजमाप या भिन्न गोष्टी होत. जुन्या चांदा जिल्ह्याचा, म्हणजेच आजच्या चंद्रपूरचा व १९८२ साली त्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीचा, इतिहास हा भेद स्पष्ट करतो.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर संकटाचा निर्णय पाऊस, पीक, धान्याचे भाव आणि कसोटीदाखल उघडलेल्या मदतकामांवरील मजुरांची संख्या यांवरून होऊ लागला. पिकाची आणेवारी महसुली कर्मचाऱ्यांच्या नजरअंदाजावर चाले. अर्थात तो एक प्रकारे तज्ज्ञांचाच अभिप्राय होता. मात्र त्यात प्रश्न एकच असे : पीक किती आले?

अरण्यभागात हा प्रश्न अपुरा पडतो. येथील धानाची शेती मालगुजारी तलावांवर अवलंबून असे. त्यामुळे सारख्याच पावसाच्या दोन शेजारगावांची स्थिती तलावाच्या डागडुजीनुसार भिन्न होई. दुसरा आधार मोहफुले, चारोळी, टेंभुर्णीची फळे व कंदमुळे यांचा. परंतु १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलातील तो आधार सरकारी परवानगीच्या अधीन झाला. मदतकामांवरील गर्दी हे लक्षणही फसवे होते. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या १८९८ च्या आयोगाने डोंगरी व आदिवासी जमातींच्या मदतीचा स्वतंत्र विचार केला, तो अकारण नव्हे. गाव व रान सोडून छावणीत जाण्यास जे नाखूष, त्यांची उपासमार मजुरांच्या हजेरीपटावर उमटत नाही. अशा ठिकाणी मोजमापातील चूक प्राणांवर बेतते.

तज्ज्ञ-सर्वेक्षणाची आखणी करताना यावरून काही निष्कर्ष काढता येतात. जिल्ह्याऐवजी गाव वा तलावाचे लाभक्षेत्र हे एकक धरावे. पाणी, वनोपज, मजुरी व उधारी यांविषयी स्वतंत्र प्रश्न असावेत. महसूल व वन अधिकाऱ्यांबरोबरच तलावाचे पाणी वाटणारे शेतकरी आणि मोहफुले वेचणाऱ्या गोंड व माडिया स्त्रिया यांनाही तज्ज्ञ मानावे. ‘तीव्र’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. म्हणून सर्वांपुढे प्रथम एकाच कल्पित गावाचे वर्णन ठेवून त्यांचे माप जुळवून घ्यावे. मतभेदांची सरासरी काढून ते बुजवू नयेत. वनाधिकारी जंगल खुले असल्याचे सांगतो आणि वेचणारी ते बंद असल्याचे सांगते, तेव्हा ती तफावत हीच महत्त्वाची माहिती होय.

२०१६ च्या केंद्रीय दुष्काळ-नियमावलीने पर्जन्य, वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओलावा इत्यादी निर्देशकांना प्राधान्य दिले. त्यायोगे शुष्कतेचे ज्ञान अधिक अचूक झाले. समाज ती कशाच्या बळावर सोसतो, हे मात्र आजही माणसांनाच विचारावे लागते.