खाऊचे पैसे, डोक्यावरचा हंडा आणि कुरणातली शाळा

आजचा भाग घरकामावर आहे. मोठ्यांच्या नाही, पोरांच्या. आणि त्या कामाचे पैसे मिळायला हवेत का, यावर.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, पॉकेटमनीचा इतिहास असतो का हो? असतो की! फक्त तो पाकिटात सापडत नाही. तो पाणवठ्यावर सापडतो, गुरांच्या मागे सापडतो, आणि आमच्याकडे आटगावला तर रेल्वे फलाटावरही सापडतो.

आधी पैशांचं बघू. तुमची आजी 'चार आणे' म्हणते ना, ते म्हणजे 25 पैसे. पूर्वी रुपयाचे सोळा आणे असायचे. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. पण बोलण्यात आणे टिकले. 25 पैशांचं नाणं 2011 च्या जूनअखेर चलनातून गेलं, तरी 'चार आण्याची अक्कल' अजून चालते! पॉकेटमनी हा शब्द आपल्याकडे फार उशिरा आला. त्याआधी होता 'खाऊ'. पाहुणे निघताना पोराच्या हातावर नाणं ठेवायचे, ते खाऊचे पैसे. जत्रेला जाताना मिळायचे ते खाऊचे पैसे. मुरबाडकडच्यांना म्हशाची जत्रा वेगळी सांगायला नको. पौष पौर्णिमेची, बैलबाजाराची. आता एक गोष्ट लक्षात घ्या. हे पैसे कामाचे नव्हते. ते लाडाचे होते, कधीतरी मिळायचे.

कामाचा हिशोब वेगळा होता, आणि खरं सांगायचं तर तो कुणी ठेवलाच नाही.

शहापूर-मुरबाड पट्ट्यात पोरांचं वर्ष कसं जायचं? उन्हाळ्यात भाताच्या राबासाठी शेण, पातेरा गोळा करायचा. पावसाळ्यात गुरं राखायची. पीक पिकलं की पाखरं हाकलायची. धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायचं, ते तर बाराही महिने. आणि पाणी. पोरींच्या वाट्याला पाणी ठरलेलंच. डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, त्यावर कळशी.

पाण्याबद्दल इथे थोडं थांबायला हवं. तानसा धरणाचं पाणी मुंबईला जायला लागलं 1892 मध्ये. आटगाव हे त्या तलावाजवळचं स्टेशन. पुढे वैतरणा आली, भातसा आली. मुंबईच्या नळाला येणारं बहुतेक पाणी या डोंगरांतून जातं. आणि याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात कितीतरी पाडे टँकरची वाट बघतात. मुंबईतल्या पोराला नळ सोडणं हे काम वाटतच नाही. इथल्या पोरीची मात्र त्याच पाण्यापायी सकाळ जाते. म्हणजे घरकाम किती, हे पोर किती गुणी आहे यावर ठरत नाही. पाइपलाइन कुठून कुठे जाते, यावर ठरतं.

आता शाळेकडे येऊ. 1882 साली इंग्रज सरकारने हंटर आयोग नेमला होता, शिक्षणाची पाहणी करायला. त्याच्यासमोर जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी सरळ सांगितलं की शेतकऱ्याची पोरं शाळेत टिकत नाहीत, कारण घर गरीब आहे आणि गुरं राखायला, शेत बघायला पोरांचे हात लागतात. म्हणून त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. आणि मागासलेल्या जातींच्या पोरांना विद्यावेतन द्या, बक्षिसं द्या. बघा, काय मुद्दा आहे! पोर शाळेत गेलं की घराचं नुकसान होतं, हे फुल्यांनी मान्य केलं. आई-बापाला 'अडाणी' म्हणून मोकळे झाले नाहीत.

या मागणीचा एक धागा फार पुढे सापडतो. 1992 मध्ये महाराष्ट्र सरकारने पहिली ते चौथीच्या गरीब, मागास घरांतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. शाळेत हजर राहिलीस तर दिवसाला एक रुपया. एक रुपया! आज हसू येईल. पण त्यामागचा विचार फुल्यांच्याच जवळचा होता. मुलीचा दिवस घराला फुकट मिळतो म्हणून तो घरात अडकतो, तर त्याला थोडं तरी मोल द्या. मोल तुटपुंजं होतं, हा वेगळा विषय.

आता आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याची गोष्ट. जिल्हा 2014 मध्ये तुटला आणि डहाणू, तलासरी पालघरमध्ये गेले, पण तोवर ते आपलेच होते. 1945 साल तिकडे दोन कारणांनी लक्षात राहिलं. एक, वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा उठाव. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यात उभे होते. वेठ म्हणजे सावकाराकडे, जमीनदाराकडे बिनमोल राबणं. लग्नासाठी कर्ज काढलं की माणूस 'लग्नगडी' व्हायचा, आणि बापाच्या कर्जात घरची पोरंही ओढली जायची. आपल्या घरची गुरं राखणं वेगळं आणि सावकाराची राखणं वेगळं. काम तेच, पण एक घराचं आणि दुसरं गुलामीचं. वेठबिगारी कायद्याने संपायला 1976 उजाडलं.

दुसरी गोष्ट घडली बोर्डीला. ताराबाई मोडक तिथे आल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालेली बाई. या दोघींनी आदिवासी पोरांसाठी बालवाडी काढली. पोरं येईनात. का येईनात? कारण पोरं कामात होती.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय आवडतं माहितीय? या बायांनी घरच्यांना भाषण दिलं नाही. त्यांनी काम नीट बघितलं. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून येत नाही ना? मग धाकट्यालाही आण. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. पोरं पाड्यावरून येत नाहीत? मग शाळा पाड्यावर, अंगणात. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो, त्याचं मूळ या कामात आहे. सरकारी अंगणवाड्या 1975 मध्ये आल्या, त्याच्या कितीतरी आधी हे झालं. आणि गुरं राखणारी पोरं? त्यांच्यासाठी कुरणशाळा! गुरं चरतायत, बाई कुरणात. दगड, पानं, बिया मोजून गणित. 1957 पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर बहरलं.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1984 मध्ये पद्मश्री. पण मला विचाराल तर मोठी गोष्ट ती कुरणातली. तोवर सगळे म्हणत होते, पोरानं काम सोडून शाळेत यावं. या म्हणाल्या, शाळेनं उठून पोराकडे जावं.

हाच धडा आपल्या भागात पुन्हा गिरवावा लागला. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडमधली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, उचल घेऊन, थेट पावसाळ्यापर्यंत. पोरंही जातात आणि विटा उलट्या करतात. 1990 च्या दशकात विधायक संसद या संस्थेनं भट्टीवरच शाळा सुरू केल्या. भट्टीवरची तात्पुरती झोपडी म्हणजे भोंगा, म्हणून ती भोंगाशाळा. नाव बदललं, जागा बदलली, विचार तोच.

आणि फलाट? मे महिन्यात कसारा लोकलनं आलात तर आटगाव, खर्डीला करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या बाया आणि पोरं दिसतील. पाऊस पडला की शेवळी, कंटोली. इथे पोराच्या हातात खरा पैसा येतो, पण त्याला पॉकेटमनी म्हणायचं का? त्यातून वही येते, चप्पल येते, कधी घरचं मीठ-तेलही येतं. शहरातल्या पोराचा पॉकेटमनी घरातून बाहेर जातो. इथला बाहेरून घरात येतो.

आजचा कायदा काय म्हणतो? 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे. पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्यांना मदत चालते, काम धोक्याचं नसेल तर. वाचायला सोपं आहे. पण पाणी भरून शाळेला उशीर होणारी पोर यात कुठे बसते? तिला कुणी कामाला ठेवलेलं नाही. ती फक्त 'मदत' करते. 2019 च्या सरकारी वेळ-पाहणीत सहा वर्षांवरच्या सगळ्यांना विचारलं होतं, बिनपगारी घरकाम करता का? देशभरात 81.2 टक्के महिला-मुली करत होत्या. पुरुष आणि मुलगे, 26.1 टक्के.

म्हणून माझं म्हणणं असं. घरकाम शिकवावं, मुलग्यांना तर नक्कीच. आपलं ताट आपण घासलं म्हणून दहा रुपये मागणं मला पटत नाही, कारण ताट आपलंच आहे. पण कामानं शाळा खाल्ली, खेळ खाल्ला, आणि तेही फक्त घरातल्या पोरींचाच, तर त्याला संस्कार म्हणू नका. तिथे मोजायचे असतात तास. पैशांचा प्रश्न नंतरचा.

या आठवड्यात एक काम करा, बिनपगारी! घरात आजी असेल तर विचारा, तू दहा वर्षांची असताना सकाळी उठून काय काय करायचीस? मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग तुमच्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीचा आणि मुलग्याचा दिवस शेजारी शेजारी लिहून बघा. आजीच्या दिवसाशी कुणाचा जास्त जुळतो, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.