पहिल्या धारेचं कूळ

मार्च-एप्रिलच्या पहाटे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीच्या जंगलात मोहफुलं टपटपतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते. वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर. भिजत घातली की काही दिवसांत सडवा फसफसतो. इथवर वाद नाही. चरकाच्या आसवांच्या यादीतही मधूक आहे. पण आसव नुसतं आंबवलेलं. त्याची नशा सावकाश चढते, गाळलेल्या दारूच्या पहिल्या धारेची थेट मेंदू गाठते आणि आधी संकोचच सैल करते. ही धार आली कुठून?

रूढ उत्तर : दारू गाळण्याची कला अरबांनी आणली, 'अर्क' हा शब्दच पुरावा. मला ते पटत नाही. कारण आहे प्राचीन गांधारातलं, पेशावरजवळच्या चारसद्द्याचं शेखान ढेरी. तिथे इसवी सनाच्या आगेमागची मडकी ढिगाने निघाली. तक्षशिलेच्या अशाच भांड्यांवरून पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी यंत्र जुळवून दाखवलं होतं. शेखान ढेरीत दारूच गाळत, असं १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी मांडलं. यंत्र असं : चुलीवर मडकं, वर झाकण, बाजूने नळी, नळीचं टोक पाण्यात बसवलेल्या दुसऱ्या मडक्यात, सांधे मातीने लिंपलेले. अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, म्हणून सुरुवातीच्या वाफेत तेच जास्त. पहिली धार कडक ती यामुळे. आता सांगा, हे वर्णन गांधारातलं की मोहाच्या हातभट्टीचं?

विरोधक म्हणतात, मडक्याच्या आकारावरून आत काय होतं ते कळत नाही. पारा असेल, सुगंधी द्रव्य असेल. असेल. पण सुगंधासाठी एवढी मडकी?

दुसरा प्रतिस्पर्धी चिवट आहे : कलार, दारू गाळून विकणारी जात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात हे नाव 'कल्यपाल' म्हणजे मद्य गाळणारा यावरून आलंय. मग इथल्या गोंड आदिवासींनी भट्टी कलारांकडूनच उचलली असेल? मला वाटतं, उलट. गोंडांच्या जन्म, लग्न, मृत्यू, सगळ्यांत मोहाचे थेंब आधी भुईवर, देवाला आणि पितरांना. विकत घेतलेली वस्तू इतकी खोल जात नाही. (नारळ गोंदियात कुठे पिकतो, तरी देवापुढे फुटतोच, हे मला ठाऊक आहे.)

गोंडांची कचारगडच्या गुहेची कथा मात्र माझ्या कामी येत नाही. माघ पौर्णिमेला जिथे यात्रा भरते, त्या गुहेत कोंडलेल्या मुलांच्या अंगात बळ संचारतं ते वादक हिरासुका पाटालीरच्या किंगरी या तंतुवाद्याने. संमोहन म्हणा हवं तर. दारूचा थेंब न लागता भान पालटतं.

चारसद्दा ते इथलं वैनगंगेचं खोरं, मधली साखळी मला जोडता येत नाही. माझा तर्क असा, की भट्टीचं मडकं फुटलं की त्याचं खापर इतर खापरांसारखंच दिसतं, म्हणून कुणी वेगळं काढलं नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्र राज्याने मोहफुलांवरचे निर्बंध उठवले, तोवर भट्टीवर ॲल्युमिनियमचं पातेलं आणि प्लास्टिकची नळी आलीही होती.