शतपावली आणि तिच्यापुढची पावले

बडोद्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरील पादरा हे गायकवाडांच्या राज्यात महालाचे ठिकाण होते. बडोदे संस्थानाने व्यायामाला दिलेला मान सर्वश्रुत आहे. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि तेथील प्रा. माणिकराव यांचे नाव मराठी मुलखातही आदराने घेतले जाई. पादऱ्याप्रमाणेच आज बडोदे जिल्ह्यात मोडणाऱ्या डभोईत 1883 साली जन्मलेले स्वामी कुवलयानंद हे माणिकरावांचेच शिष्य. पुढे 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. द. चिं. मुजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोश सिद्ध केला तोही बडोद्यातच.

या थोर परंपरेची दुसरी बाजू अशी की, व्यायाम म्हणजे आखाडा, लंगोट आणि घाम, असे समीकरण जनमानसात रुजले. ज्याला दंड-बैठका जमत नाहीत, त्याने व्यायामाचा विचारच सोडून दिला. घरातील स्त्रिया तर या हिशेबात कधी आल्याच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 साली भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, तर स्त्रियांत 57 टक्के होते.

वास्तविक साध्या हालचालीचे मोल लंडनच्या दुमजली बसगाड्यांत 1953 सालीच दिसून आले होते. डॉ. जेरेमी मॉरिस यांना आढळले की, दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. हे वाहक काही मल्ल नव्हते.

प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे आरोग्य संघटनेची 2020 सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. सलग दहा मिनिटांची जुनी अट आता उरलेली नाही. बाजारापर्यंतची पायपीट, जिना, विहिरीचे पाणी, केरवारा हे सारे त्यात जमा होते.

आपल्याकडची शतपावली याच जातीची. जेवणाची सुस्ती उतरल्यावर शंभर पावले चालावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. मात्र मध्यम गतीने शंभर पावले म्हणजे जेमतेम एक मिनिट. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास रक्तातील साखरेची चढती कमान खाली येते. कारण आकुंचन पावणारे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. तेव्हा नाव शतपावलीच ठेवावे, पावले मात्र हजारावर न्यावीत.

गोव्यात या हजार पावलांची निकड अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के, तर गोव्यात ते 26.4 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. कोपऱ्यावरच्या पदेराकडे जायलाही दुचाकी काढणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

इन्शुलिन किंवा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी चालणे वाढविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. चालताना छातीत दडपण आले, तर तेथेच थांबून तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.